करपट वासाचा माग

वासांच्या बाबतीत मराठी भाषा श्रीमंत आहे. भाजलेल्या रव्याचा वास खमंग, पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटाचा कुबट, जुन्या खोबऱ्याचा खवट, नीट न घासलेल्या तुपाच्या भांड्याचा ओशट, आणि विस्तवावर विसरलेल्या दुधाचा करपट. माझ्या आईच्या पिढीतील स्त्रिया ओसरीवर बसून आत चुलीवर काय शिजते आहे आणि त्यात मीठ पडायचे राहिले आहे की काय, हेही सांगू शकत. (मिठाला वास नसतो, असे मी विज्ञानाचा शिक्षक या नात्याने आईला एकदा सांगितले होते. तिने ते मनावर घेतले नाही, आणि तिचा अंदाजही सहसा चुकला नाही.) ही शब्दसंपत्ती स्वयंपाकघरातून निघून मोटारीच्या बोनेटखाली जाऊन पोहोचेल, असे मात्र मला कधी वाटले नव्हते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत मी आजारी पडलो. त्यातून सुखरूप उठलो, पण माझे घ्राणेंद्रिय गेले ते आजतागायत पुरते परतलेले नाही. फिनेल आणि कॉफी यांच्यात मला फरक जाणवत नाही. पुढे २०२३ मध्ये माझ्या पत्नीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आणि आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, डायलिसिस सुरू झाले. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील आमच्या गावापासून शहरातील रुग्णालय सुमारे सात किलोमीटरांवर आहे. चार तास यंत्राला जोडून राहिल्यानंतर माणसाच्या अंगात त्राण उरत नाही. त्या अवस्थेत रिक्षाचे धक्के खात घरी येणे तिला सोसवेना. तेव्हा २००९ साली घेतलेली, तीन सिलिंडरांची आमची लहानशी पेट्रोल गाडी, जी मी विकण्याच्या विचारात होतो, ती घरातील अत्यंत महत्त्वाची वस्तू होऊन बसली. २०२४ मध्ये पंधरा वर्षे पूर्ण होताच तिची तपासणी करून घेऊन नोंदणी पुढे वाढवून घेतली.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात, रुग्णालयातून परतताना, सिग्नलला गाडी उभी असता पत्नी म्हणाली, "अहो, काहीतरी जळतंय."

मी सवयीने श्वास ओढून पाहिला. अर्थातच काही कळले नाही.

"कसला वास आहे?"

"तेलाचा. पण भज्यांच्या कढईचा नव्हे. कंदिलाची वात फार वर चढवली की काजळीचा यायचा ना, तसा. त्यात थोडं रबर मिसळल्यासारखं."

गाडी बाजूला घेतली. बोनेटच्या फटीतून धूर येत नव्हता. तापमानाचा काटा जागच्या जागी होता आणि तेलाचा लाल दिवा विझलेला होता. घरी येऊन इंजिन निवल्यावर सपाट जागेवर तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल खालच्या खुणेच्या किंचित वर होते. शिगोशीग नव्हते, पण धोक्याचेही नव्हते. सर्व्हिसिंग नुकतेच झाले असते, तर तेल भरताना चार थेंब सांडले असतील आणि ते जळून जात असतील, असे म्हणता आले असते. तसा वास एक-दोन दिवसांत आपोआप जातो. परंतु सर्व्हिसिंग होऊन तीन महिने लोटले होते.

शहरातील एका मोठ्या गॅरेजमध्ये गाडी नेली. तेथील तरुणाने दोन फेऱ्या मारून आणल्या, बोनेट उघडून टॉर्च फिरवला आणि सांगितले की वास काही येत नाही. मग माझ्याकडे वळून सौम्यपणे म्हणाला, "सर, मॅडमचं डायलिसिस चालू आहे ना? अशा पेशंटना वास वेगळेच येतात."

हे वाक्य खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते अधिक बोचले. मूत्रपिंडाच्या रुग्णांची चव आणि वास बदलतात, हे तिच्या डॉक्टरांनीही आम्हांला सांगितले होते. तिला चहा धातूसारखा लागत असे, मासळीचा वास कधीकधी सहन होत नसे. ती गाडीतच बसली होती आणि काच खाली होती. तिने ऐकले. घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही. रात्री मात्र म्हणाली, "यापुढे मी रिक्षानेच जाते. तुम्हांला उगीच खर्च."

आजारी माणसाचे एकेक म्हणणे आजाराच्या खात्यात जमा होऊ लागले की त्याचे बोलणे हळूहळू थांबते. आमच्या घरात ते मला होऊ द्यायचे नव्हते. शिवाय माझ्या बाजूने पुरावा काहीच नव्हता. ज्याला वास येतच नाही, त्याने "वास येत नाही" असे म्हणण्याला काय अर्थ? या बाबतीत आमच्या घरात साक्षीदार एकच होता, आणि त्याची साक्ष तपासण्याचा मार्ग शोधणे एवढेच माझ्या हाती होते.

डायलिसिससाठी तिची एक वही आहे. तीत प्रत्येक वेळचे आधीचे वजन, नंतरचे वजन आणि रक्तदाब लिहिला जातो. तिच्या मागच्या पानांवर आम्ही नवे रकाने आखले : जाताना की येताना, गाडी चालू की उभी, आत हवा घेणारी दांडी बाहेरच्या हवेवर की आतल्या हवेवर, आणि वास आहे की नाही. दांडी मी प्रत्येक फेरीला बदलत असे. ती कोणत्या बाजूला आहे, हे तिला ठाऊक नसे, कारण ती मागच्या आसनावर आडवी होऊन प्रवास करी. चार आठवड्यांत आठ वेळा जाणे आणि आठ वेळा येणे झाले.

वहीने जे सांगितले ते असे. वास जातानाही येत होता आणि येतानाही, म्हणजे डायलिसिसच्या आधीही आणि नंतरही. गाडी वेगात असताना तो क्वचितच येई. सिग्नलला किंवा फाटकाशी उभी राहिली की मिनिटाभरात येई. आणि दांडी आतल्या हवेवर असेल, तेव्हा तो एकदाही आलेला नव्हता. मूत्रपिंडाच्या आजाराला मोटारीची दांडी डावीकडे आहे की उजवीकडे, हे कळत नाही. वास बाहेरून, इंजिनाच्या बाजूने, आत येत होता.

याचे कारण समजण्याजोगे आहे. समोरच्या काचेच्या खालच्या जाळीतून बाहेरची हवा गाडीत घेतली जाते आणि ती जाळी बोनेटच्या अगदी मागच्या कडेला असते. गाडी धावत असताना इंजिनावरून येणारा वारा वास खाली आणि मागे वाहून नेतो. गाडी थांबली की गरम हवा वर चढते आणि त्या जाळीपाशी घोटाळते. त्याच वाटेने, सायलेन्सरचा जोड कोठे फुटला असेल, तर कार्बन मोनॉक्साइडही आत येऊ शकतो, आणि त्या वायूला रंग नाही की वास नाही. म्हणून इंजिनाच्या बाजूने येणारा कोणताही वास गाडीत सतत येऊ लागला, तर तो अंगवळणी पाडून घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

ती वही घेऊन पुन्हा गॅरेजमध्ये गेलो. या वेळी त्यांनी लक्षपूर्वक पाहिले. इंजिनाच्या डोक्यावर जे झाकण असते, ज्याला सारे फिटर टॅपेट कव्हर म्हणतात, त्याच्या कडेने तेल पाझरत होते. त्यांनी त्याचे रबरी पॅकिंग बदलले. तीन आठवडे वहीत "नाही" असे लिहिले गेले. चौथ्या आठवड्यात पुन्हा "आहे". आता त्यांनी निदान बदलले : पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, इंजिन उघडावे लागेल, अडतीस हजार रुपये, आणि गाडी बारा दिवस तेथेच ठेवावी लागेल. बारा दिवसांत तीन किंवा चार डायलिसिस येतात. खर्चापेक्षाही मला त्या दिवसांचीच चिंता अधिक वाटली.

एका माजी विद्यार्थ्याने पापडीच्या बाजूला राहणाऱ्या एका वृद्ध फिटरांचे नाव सुचवले. त्यांचे तारुण्य मुंबईत टॅक्सींच्या गॅरेजमध्ये गेले होते. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली पद्मिनी गाडी ते झोपेत खोलून जोडू शकत. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी गेल्या, तेव्हा आपण घरी जेवलो नाही, असे त्यांनी मला सांगितले. एका बुधवारी सकाळी ते आमच्या अंगणात आले. बोनेट उघडण्याआधी त्यांनी खुर्चीवर बसलेल्या माझ्या पत्नीला विचारले, "ताई, वास गोड येतो का? काकवीसारखा?"

"नाही."

"कागद जळल्यासारखा? गाडी चढावर चढवताना?"

"नाही, काका. काजळीसारखा."

"वायर जळते तेव्हा नाकात झोंबतं, तसं?"

"झोंबत नाही. घशात बसतो."

"मग तेलच," ते म्हणाले, आणि बाह्या सारून उठले. गोड वास म्हणजे रेडिएटरच्या पाण्यातील कूलंट, कागदी वास म्हणजे घासला जाणारा क्लच, झोंबरा वास म्हणजे विजेची तार. तीन प्रश्नांत तीन शक्यता दूर झाल्या. त्या गॅरेजमधील कोणीही तिला एकही प्रश्न विचारला नव्हता.

तेल दोन प्रकारांनी जळते, हे त्यांनी मला समजावले. सिलिंडरच्या आत जळले, तर सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो आणि तेलाची पातळी झपाट्याने उतरते. हा रिंगांचा किंवा व्हॉल्व्हच्या सीलचा आजार. बाहेर पाझरून तापलेल्या मॅनिफोल्डवर पडले, तर धूर दिसेलच असे नाही, पण वास येतो. इंजिनचे तेल साधारण दोनशे अंश सेल्सियसच्या पुढे पेट घेण्याजोगी वाफ सोडू लागते, आणि जळलेले वायू ज्यातून बाहेर पडतात तो मॅनिफोल्ड त्याहून कितीतरी अधिक तापतो. म्हणून थोडेसे पाझरणेही दुर्लक्षिण्याजोगे नसते. आमच्या गाडीचा धूर निळा नव्हता. तरीही त्यांनी तिन्ही प्लग काढून दाब मोजण्याचे मीटर लावले. तिन्ही सिलिंडरांचे आकडे एकमेकांना लागून आणि भरपूर आले. "रिंगा ठीक आहेत, सर. इंजिन उघडायचं कारण नाही."

मग त्यांनी रॉकेल आणि ब्रशने इंजिनाची बाहेरची बाजू स्वच्छ धुतली, फडक्याने टिपली, वाळू दिली, आणि पत्नीकडे अंगाला लावायच्या पावडरीचा डबा मागितला. साऱ्या इंजिनावर पावडर भुरभुरली. गाडी पंधरा मिनिटे जागच्या जागी चालवली. त्या पांढऱ्या थरावर तेलाची काळसर रेघ उमटली. ती टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात सुरू होऊन खाली मॅनिफोल्डच्या पत्र्यावर उतरत होती. तेल नेहमी खाली वाहते आणि वारा ते मागे पसरवतो. त्यामुळे जेथे सर्वांत जास्त ओल दिसते तेथे दोष असतोच असे नाही. ओल जेथून सुरू होते, तेथवर वर-वर चढत जावे लागते.

येथवर गॅरेजचे निदान बरोबरच होते. पॅकिंगच पाझरत होते. परंतु नवे पॅकिंग महिन्याभरात का पाझरावे, हा प्रश्न त्यांनी विचारला नव्हता. फिटरकाकांनी चालू इंजिनावर हातमोजा घालून तेल भरण्याचे झाकण सैल केले. भाताच्या पातेल्यावरील ताटली उडावी, तसे ते थरथरू लागले. झाकण काढून त्या तोंडावर त्यांनी वहीचा कागद धरला. निरोगी इंजिनात तो कागद हलका आत ओढला जातो. आमचा कागद फडफडत वर उडाला. झाकणाची आतली बाजू त्यांनी पत्नीला दाखवली. तीवर ताकावर येणाऱ्या लोण्यासारखा पांढुरका-पिवळा थर होता.

"गाडीला श्वास घेता येत नाही, ताई."

पेट्रोलचा स्फोट होतो तेव्हा थोडा वायू पिस्टनच्या कडेने निसटून खालच्या तेलाच्या कोठीत उतरतो. तो बाहेर काढण्यासाठी एक नळी आणि एक लहानसा व्हॉल्व्ह असतो; फिटर त्याला ब्रीदर म्हणतात. तो चोंदला की आतला दाब वाढतो आणि तेल जिथून फट मिळेल तिथून बाहेर पडते. अशा वेळी पॅकिंग कितीही नवे असो, ते हरते. आमची नळी त्या लोण्याने जवळजवळ बंद झाली होती. व्हॉल्व्ह कानाशी हलवला तर त्यातील गोटी खुळखुळायला हवी, ती गप्प होती.

जुन्या मोटारींत हा वायू एका नळीने थेट रस्त्यावर सोडून दिला जात असे. तो पुन्हा इंजिनात नेऊन जाळण्याची सक्ती प्रथम कॅलिफोर्नियाने १९६० च्या दशकाच्या आरंभी केली, आणि त्यामागे लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा शोध होता. ते धुरके सूर्यप्रकाशात मोटारींच्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या वायूंपासून बनते, हे दाखवून दिले आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने. हा गृहस्थ त्याआधी अननसाच्या सुगंधातील द्रव्ये वेगळी करण्यात गुंतलेला होता! त्याच प्रयोगशाळेत त्याने शहराची हवा तपासली. पुढे १९६८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वायुसंसाधन मंडळाचा तो पहिला अध्यक्ष झाला. आमच्या अंगणात पडलेल्या त्या बोटभर नळीच्या इतिहासात एक तरबेज नाक होते, हे मी पत्नीला सांगितले तेव्हा तिला फार बरे वाटले.

आता तो पांढुरका थर आला कोठून? एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. त्यातील बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, पण थोडी तेलात उतरते. लांबच्या प्रवासात तेल पुरेसे तापते आणि ती उडून जाते. आमची गाडी आठवड्यातून दोन दिवस, सात किलोमीटर जाई आणि चार-पाच तास थंड होऊन सात किलोमीटर परत येई, तेही पावसाळ्याच्या दमट हवेत. तेलाला नीट तापायला वेळच मिळत नव्हता. असाच थर हेड गॅस्केट जाऊन कूलंट तेलात मिसळल्यानेही येतो आणि ते दुखणे मोठे असते. म्हणून काकांनी कूलंटची पातळी आधी पाहिली आणि पुढे पंधरा दिवस मला रोज पाहायला लावली. ती तसूभरही उतरली नाही.

दुरुस्ती एका दुपारची होती. नवी नळी, नवा व्हॉल्व्ह, नवे पॅकिंग, नवे तेल आणि फिल्टर. पॅकिंग बसण्याची जागा त्यांनी लाकडी पट्टीने खरवडली, लोखंडी पात्याने नव्हे, कारण ॲल्युमिनियमवर ओरखडा गेला की तेथूनच पुन्हा गळती सुरू होते. सिलिकॉनचा लेप फक्त कोपऱ्यांत, तांदळाएवढा. बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे, आणि फार घट्ट नाहीत. अति आवळल्याने पातळ झाकण वाकते आणि पॅकिंग चेपून फुटते. "मनगटानं आवळायचं, सर, खांद्यानं नाही." तेल गळते म्हणून जाड तेल भरणे किंवा गळती थांबवणारे औषध ओतणे, हे त्यांना मुळीच मान्य नव्हते. सामान आणि मजुरी मिळून तीन हजारांच्या आत खर्च आला. गाडी शुक्रवारी नेहमीप्रमाणे रुग्णालयात गेली.

जाताना त्यांनी पत्नीला बजावले होते, "पत्र्यात मुरलेलं तेल जळेपर्यंत चार-पाच फेऱ्या वास येईल. कमी होत गेला तर ठीक. वाढला तर मला फोन करा. सरांना विचारू नका, त्यांना कळत नाही." आणि माझ्याकडे पाहून ते मिस्कील हसले. एक लहान अग्निशामक डबाही त्यांनी पुढच्या आसनाखाली ठेवायला सांगितला. बोनेटखालून कधी धूर दिसलाच तर इंजिन बंद करून सर्वांनी आधी बाहेर पडावे. बोनेट एकदम पूर्ण उघडू नये, कारण हवा मिळताच ज्वाळा भडकते. आणि पेटत्या तेलावर पाणी मुळीच टाकू नये.

वहीत पुढच्या फेऱ्यांच्या नोंदी आहेत : "आहे", "आहे", "थोडा", "थोडा, शेवटी", "नाही", "नाही". गॅरेजमधील त्या तरुणाला मी एकदा मुद्दाम जाऊन हे सारे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि व्हॉल्व्ह आपण तपासायला हवा होता, असे प्रांजळपणे म्हणाला. पत्नीबद्दल तो काही बोलला नाही आणि मीही विषय काढला नाही.

काकांनी दिलेला उपाय आजही चालू आहे. रविवारी दुपारी, तिची प्रकृती बरी असेल तर, आम्ही विरारवरून महामार्गाला लागून शिरसाडपर्यंत जातो आणि परत येतो. तीसेक किलोमीटर होतात, इंजिन चांगले तापते आणि तेलातले पाणी उडून जाते. ती आता पुढच्या आसनावर बसते. घरी आल्यावर इंजिन निवेपर्यंत मी चहा टाकतो. मग ती अंगणात येऊन स्वतः तेलाचे झाकण फिरवून काढते, त्याच्या आत बोट फिरवून पाहते, ते नाकाशी नेते, आणि वहीत तारीख घालून लिहिते : "कोरडे."